सदस्य सभागृहात नव्हते

मार्च लागला की आमच्या चारकोपच्या गॅलरीत संध्याकाळी खाडीकडून वारा येतो. पूर्वी त्या वाऱ्याला सुकत्या बोंबलांचा वास असायचा. आता नसतो. सोसायटीतल्या बायका म्हणतात, किती बरं झालं, कपडे निर्धास्त वाळत घालता येतात. मी मान डोलावते आणि आत येते. या दिवसांत मला कुणाशी धड बोलवत नाही. तिकडे विधानभवनात अर्थसंकल्पी अधिवेशन भरलेलं असतं आणि इकडे माझ्या डोक्यात तिडीक.

यंदा त्यात भर म्हणून आमदारांचं प्रगतीपुस्तक आलं. एक संस्था दरवर्षी काढते. कोण किती दिवस हजर होतं, कुणी किती प्रश्न विचारले, कोण किती वेळा बोललं, यावरून मार्क देतात. आमचे आमदार विरोधी पक्षातले असूनही उपनगरांतल्या पहिल्या काहींमध्ये आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर ते चित्र आलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. 'आपले सर!' 'झकास!' एकाने तर पेढ्यांचं चित्र टाकलं. मी फोन उलटा ठेवला आणि कुकर लावायला गेले.

सरांबद्दल माझ्या मनात आकस आहे असं नाही. आकस असता तर सोपं झालं असतं. सर म्हणजे आमचे आमदारच. राजकारणात येण्याआधी ते कांदिवलीत गणिताचे क्लास घ्यायचे, म्हणून अख्खा मतदारसंघ अजून त्यांना सरच म्हणतो. मी कायद्याची पदवी घेतली, लग्न होऊन मानखुर्दहून चारकोपला आले आणि त्यांच्या कार्यालयात लागले. तिथे चार वर्षं मी त्यांचे प्रश्न लिहिले. त्या प्रगतीपुस्तकात ज्यांचे मार्क मिळतात, त्यांतले सुरुवातीचे कित्येक प्रश्न माझ्या हातचे होते.

विधानसभेतला प्रश्न साध्या माणसासारखा विचारता येत नाही. 'पाणी का येत नाही?' असं लिहिलं तर कागद परत येतो. तिथे लिहावं लागतं, 'अमुक वस्तीत पाणीपुरवठा अनियमित आहे, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' मग महिन्या-दोन महिन्यांनी उत्तर येतं. 'हे अंशतः खरे आहे.' आणि खाली, 'प्रश्न उद्भवत नाही.' नळ कोरडा, हंड्यांची रांग लागलेली, आणि प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या वर्षी असं उत्तर वाचून मी टेबलावर हात आपटला होता. दुसऱ्या वर्षी फाईलला लावून मोकळी झाले.

माझ्या वडिलांना मात्र या भाषेचं भारी कौतुक. ते मराठवाड्यातून मुंबईत आलेले, पालिकेत नोकरी केलेले, संविधानाची प्रत कपाटात वरच्या फळीवर ठेवणारे. लेकीचे शब्द विधानभवनात जातात याचा त्यांना इतका अभिमान की घरात सगळं त्याच भाषेत चालायचं. मी मानखुर्दला गेले की जेवताना ते आईला विचारायचे, "आज वरणात मीठ कमी पडले आहे, हे खरे आहे काय?" आई म्हणायची, "अंशतः. गप जेवा."

सुरुवातीला सर एकेक प्रश्न तपासायचे, लाल पेनाने. म्हणायचे, "सुजाता, मार्क उत्तराच्या लांबीला नसतात गं. नेमकं विचार." मग पहिलं प्रगतीपुस्तक आलं आणि त्यात सर खूप खाली. आयुष्यभर दुसऱ्यांना मार्क देणाऱ्या माणसाला हे झोंबलं. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे येऊन ते खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून उभे राहिले. म्हणाले, "त्या दवाखान्याच्या प्रश्नाचे चार कर. डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी, इमारत वेगळी, लिफ्ट वेगळी."

"पण सर, दवाखाना एकच आहे ना?"

"अगं, मोजणाऱ्याला कुठे माहीत आहे?"

मी चार केले. पुढे एकाचे सहाही केले. हात बसला माझा त्यात. कागदांचे गठ्ठे वाढले, सरांचा क्रमांक वर सरकला, आणि दवाखान्याची लिफ्ट होती तशीच बंद राहिली. हे लिहिताना माझी मलाच चीड येते. पण त्या वेळी आली नव्हती, उलट मजा वाटली होती, हेही खरं आहे.

त्याच मोसमात हिराबाय कार्यालयात आली. आमच्या सेक्टरच्या पलीकडे, खाडीच्या काठाला जुना कोळीवाडा आहे, तिथली. साठीच्या पुढची, ठसठशीत, नऊवारी घट्ट नेसलेली. आत आली ती खुर्चीवर न बसता माझ्या टेबलाच्या कडेला कोपर टेकून उभी राहिली.

"तू लिवतेस ना गो सरांचं? मग मना सांग, आमची जागा कागदावर हाय का नाय?"

जागा म्हणजे बोंबील सुकवायचं मैदान. मी ते रोज दुरून बघायची. उभ्या-आडव्या बांबूंचा मांडव, त्याला वलांडी म्हणतात. बोंबलांची जोडी करून, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून, बायका ते बांबूवर टांगतात. उन्हात आधी ते चमकतात, मग पिवळट पडतात, मग वाऱ्यावर खुळखुळ वाजायला लागतात. हिराबायच्या आजेसासूपासून तिथे वलांड्या होत्या. पण सातबारा, मालमत्ता पत्रक, कशावरच तसं लिहिलेलं नव्हतं. सरकारदरबारी ती निव्वळ 'मोकळी जागा' होती. आणि त्या अधिवेशनात एक विधेयक येत होतं, ज्याने शहरातल्या अशा सगळ्या मोकळ्या जागा विकासाला देता येणार होत्या.

"मोकळी?" हिराबाय म्हणाली. "आठ महिने पाय ठेवाला जागा नसते तिथं. मोकळी कोनाला दिसली?"

त्याच आठवड्यात आमच्या सोसायट्यांचंही निवेदन सरांकडे आलेलं होतं. दुर्गंधी, माशा, फ्लॅटच्या किमती. खाली भरपूर सह्या होत्या. त्यातली एक माझ्या सासऱ्यांची होती. सरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सुधारणा देऊ या. लिही."

विधेयकात सुधारणा सुचवायची म्हणजे अमुक कलमात, अमुक शब्दांनंतर, अमुक शब्द घाला, एवढंच लिहायचं असतं. मी आयुष्यात हजारो शब्द लिहिले, पण त्या पाच शब्दांवर जेवढा जीव लावला तेवढा कशावर नाही. 'मोकळी जागा' या शब्दांनंतर, 'मासे सुकवण्याच्या वापरातील जागा वगळून'. हिराबायला वाचून दाखवले. तिने बोटांवर मोजले. म्हणाली, "पाचच?"

"पाचच पुरतात, मावशी."

"हे सर तिथं उभं राहून बोलनार? सगल्यांच्या म्होरं?"

"हो. नाव पुकारतात. मग उठून बोलायचं."

"मग मी येनार ऐकाला."

मी तिला समजावलं की सरकारकडे बहुमत आहे, सुधारणा मंजूर होईल असं धरून चालू नकोस. तिला ते नीट कळलं. तिचं म्हणणं वेगळंच होतं. आजवर कुठल्याच कागदावर आमचं नाव नाही, निदान त्या घरात एकदा बोललं तरी जाऊ दे. एकदा बोललं की लिहिलं जातं ना? मी म्हटलं, हो, तिथला शब्द न् शब्द लिहून ठेवतात. कुणालाही पुढे कोर्टात दाखवता येतो. हे मी कायदा शिकलेल्या माणसाच्या ऐटीत सांगितलं.

खरं तर तिथे काय लिहिलं जातं आणि काय नाही, हे बघून माझा जीव तोवर विटला होता. लोकांना वाटतं, आमदार मत देतो म्हणजे कुठेतरी त्याच्या नावापुढे खूण होते. बहुतेक वेळा तसं काही होत नाही. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. एक गलका होतो. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. दुसरा गलका होतो. विधेयक संमत. कोण काय म्हणालं, कोण नुसतंच जांभई देत होतं, याची नोंद नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच माणसं मोजली जातात, आणि ती क्वचित मागतात. चार वर्षांत मला कितीतरी लोकांनी विचारलं, "सरांनी त्या कायद्याला मत कसं दिलं?" मी म्हणायची, विरोधात. कशावरून? कशावरूनही नाही. सर म्हणाले म्हणून.

आणि जिथे विरोध खरोखर दाखवायचा असतो तिथे विरोधक उठून बाहेर जातात. त्याला सभात्याग म्हणतात. घोषणा देत निघायचं, पायऱ्यांवर फलक धरून उभं राहायचं, कॅमेऱ्यांसमोर बोलायचं, दहा मिनिटांनी परत आत. फलक आमच्यासारख्या कार्यालयातल्या लोकांनी तयार ठेवायचे. बाहेर जाऊन विरोध होतो की आतली जागा रिकामी होते, हा प्रश्न मी कधी लिहिला नाही.

तो दिवस. हिराबायने हिरवी नऊवारी नेसली होती, कानांत सोनं, केसांत अबोली. तिला प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिला. तो तासाभराचा असतो, वेळ संपली की गॅलरीतला शिपाई उठवतो. मी हिशेब केला होता की दुपारच्या सुमाराला विधेयक येईल, म्हणून त्या तासाचा पास. पण आधीचे विषय लांबले. घड्याळ बघत मी पक्षाच्या खोलीत टीव्हीपुढे बसले होते. तास संपला तेव्हा मला वाटलं, गेलं, मावशीचं ऐकणं हुकलं. आता तिला खाली फाटकाशी नेऊन बसवलं असेल.

थोड्याच वेळात आमच्या नेत्यांना कुठल्यातरी वेगळ्याच विषयावर बोलू दिलं नाही म्हणून गोंधळ झाला आणि सगळे उठले. मी फलकांचा गठ्ठा उचलून पायऱ्यांकडे धावले. ऊन रणरणत होतं. सर दुसऱ्या पायरीवर, हातात फलक. दहाची वीस मिनिटं झाली, कारण कॅमेरेवाले त्या दिवशी जास्त होते. एका वाहिनीची मुलगी सरांपुढे माईक घेऊन आली. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आपल्या विधेयकाला किती वेळ आहे?"

माझ्या हातात त्या दिवसाच्या कामकाजाची छापील यादी होती. मी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अजून दोन विषय आहेत मध्ये, सर."

विरोधक बाहेर गेले की आत काम सपाट्याने होतं, हे त्या इमारतीतल्या चहावाल्यालाही ठाऊक असतं. मधल्या विषयांवर बोलणारेच पायऱ्यांवर असतील तर ते विषय दोन मिनिटांत उरकतात. मला हे माहीत होतं. पळत जाऊन टीव्ही बघायला मला एक मिनिट लागलं असतं. पण मी कागदावर विश्वास ठेवला, कारण कागद वाचण्यातच माझी हुशारी होती.

सरांनी मुलाखत दिली. चांगली दिली. मग सर सभागृहात गेले आणि मी पक्षाच्या खोलीत, तेव्हा तिथे टीव्हीपुढे बसलेला दुसऱ्या आमदारांचा सहायक माझ्याकडे न बघताच म्हणाला, "वाट लागली ना यार. तुमचं कधीच झालं."

सर सभागृहातून बाहेर आले ते सुधारणेचा कागद हातात घेऊन. तो त्यांच्या बाकावर तसाच पडून होता, वर चष्म्याची केस ठेवलेली. म्हणाले, "मतांनी पडलीच असती गं." तेवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढे कितीतरी वेळा माझ्या मनात आलं की यांनी मला किती वेळ आहे हे विचारलं, ते आत जायला की न जायला? टेबलावरचे ते दोन कागद, ती सह्यांची लांबलचक यादी, पुसत बसलेला चष्मा. पण हे मी कुणाच्या तोंडावर म्हणू? चूक तर माझ्या बोटाची होती.

फाटकाशी हिराबाय कठड्यावर बसून चहा पीत होती. मी जवळ गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "मावशी, सरांनी मांडलं. छान बोलले. पण बहुमत सरकारचं ना, पडली सुधारणा."

तिने माझ्याकडे बघितलं. चहा संपवला. म्हणाली, "बरं." आणि अबोलीचा गजरा सारखा करत उठली.

काही महिन्यांनी सभागृहाच्या कार्यवृत्ताची प्रत कार्यालयात आली. मी पान शोधलं. आमच्या सुधारणेच्या जागी एक ओळ होती. 'सदस्य सभागृहात उपस्थित नसल्याने सुधारणा मांडण्यात आली नाही.' त्यामुळे माझे पाच शब्दही तिथे नव्हते, कारण जे बोललंच गेलं नाही ते लिहिणार कोण? त्याच वर्षीच्या प्रगतीपुस्तकात मात्र सर वर गेले. हजेरीचे पूर्ण मार्क, कारण हजेरी दारातल्या सहीवर लागते. सुधारणा दिल्याचाही एक गुण होता म्हणे. देण्याचा. मांडण्याचा कुणी विचारलाच नाही.

मी नोकरी सोडली. आता अंधेरीला एका कंपनीत नोटिसांना उत्तरं लिहिते. 'हे अंशतः खरे आहे' या थाटाची उत्तरं आता मी स्वतः तयार करते, आणि त्याचा पगार बरा आहे. वडील गेल्या वर्षी गेले. शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले की माझ्या लेकीने कोळी लोकांसाठी कायद्यात सुधारणा लिहिली होती. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही.

मैदानाला आधी निळे पत्रे लागले. मग बहुमजली वाहनतळाचा फलक. मग दोन वर्षं काहीच नाही, नुसते पत्रे आणि आत गवत. आमच्या सोसायट्यांना गाड्या लावायला जागाही मिळाली नाही, आणि बोंबीलही गेले. सासरे परवा जेवताना म्हणाले, हल्ली सुके बोंबील काय भावाने देतात, आणि तेही कुठून कुठून आलेले. मी ताट उचलून आत गेले, कारण बोलले असते तर फार बोलले असते.

ते प्रगतीपुस्तकाचं चित्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्या कार्यवृत्ताच्या पानाची झेरॉक्स मी इतकी वर्षं कपाटात ठेवली होती. ती घेतली आणि कोळीवाड्यात गेले. हिराबाय आता थकली आहे. घरापुढच्या बोळात, एका खिडकीच्या गजापासून समोरच्या विजेच्या खांबापर्यंत, तिने एकच दोरी बांधलेली. तिच्यावर बोंबलांच्या मोजक्या जोड्या, तोंडात तोंड. खालून स्कूटर गेली की त्यांना धक्का लागायचा आणि स्कूटरवाला नाक मुरडायचा.

मी पान तिच्यापुढे धरलं आणि वाचून दाखवलं. मग म्हटलं, "मावशी, सर आत नव्हतेच. मीच सांगितलं त्यांना वेळ आहे म्हणून. तुझ्याशी मी खोटं बोलले."

ती दोरीवरचा एक सुटलेला बोंबील पुन्हा जोडीत अडकवत होती. हात न थांबवता म्हणाली, "मना ठाव हाय."

"कसं?"

"मी वरतीच बसलेली ना. तास झाला तसा शिपाई उठवाला आला. मी त्याला म्हटलं, दादा, पाच शब्द ऐकते न् जाते. चांगला होता बिचारा, बसू दिलंन. मग सरांचं नाव घेतलं. सगलं गप. परत घेतलं. मी बगते तर खाली त्या बाजूला एक मानूस नाय. कोनच उठत नाय म्हटल्यावर मीच उठली."

"तू उठलीस?"

"मंग? नाव तर आमच्याच कामाला घेतलं होतं ना? मी उभी राहिली. पाची शब्द मना पाठ होतं. तोंड उघडनार तर शिपायानं हात धरून खाली बसवली. मावशी, हितं उभं रावता येत नाय, म्हनला."

इतकी वर्षं मी जे लपवत होते, ते तिने फाटकाशी चहा पिताना गिळून टाकलं होतं. मी विचारलं, त्या दिवशी का बोलली नाहीस? ती म्हणाली, "काय बोलू? तू सांगत होतीस, सर छान बोललं." आणि हसली. ते हसणं मला अजून लागतं.

निघताना तिने ते पान माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "यात हाय का, का एक बाय उठली होती?"

नाही. प्रेक्षक गॅलरीतलं काही कार्यवृत्तात लिहीत नाहीत.

"मंग तू लिव," ती म्हणाली. "तुझंच काम हाय ते."

म्हणून लिहिते. त्या दिवशी सदस्याचे नाव दोनदा पुकारले गेले असता सदस्य सभागृहात नव्हते, आणि त्यांच्या जागी गॅलरीत हिराबाय उभी राहिली होती, हे खरे आहे काय?

होय. हे खरे आहे.